ती गेली की घर तुमचं

वाळवीवाला आला त्या दिवशी आईंच्या खाटेजवळची खिडकी उघडी होती. हवा यावी म्हणून मीच उघडली होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. खुबा मोडल्यापासून मागच्या खोलीत, खाटेवर. डोकं शाबूत, डोळे अधू. आणि कानांचं म्हणाल तर 'औषध घ्या' हे तीनदा ओरडून सांगावं लागतं, पण दोन भिंतींपलीकडे कुणी कुजबुजलं की शब्दन् शब्द पोचतो.

वाळवी लागली ती नेमकी त्याच खोलीला. दाराच्या चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या चढल्या, चौकटीतून वर तुळईत शिरल्या, आणि तुळई बरोबर खाटेच्या डोक्यावर. मी झाडूच्या दांड्याने ठोकून बघितली, तर रिकामा डबा वाजावा तशी वाजली.

"कोण आहे?" आईंनी विचारलं.

"मीच."

"मग दार काय वाजवतेस? आतच तर आहेस."

फवारणी करायची सोय नव्हती. कसल्याही उग्र वासाने त्यांना धाप लागते. खाट हलवायची तर कुठे? पुढच्या खोलीत एक माणूस आडवा झाला की दुसऱ्याने उभंच राहायचं, आणि न्हाणीघर मागच्या खोलीला लागून. म्हणून मग डब्यांचा उपाय.

वाळवीवाला बोलका माणूस. घराभोवती जागोजागी खड्डे घेऊन त्याने हिरव्या प्लास्टिकचे, बाजूंनी भोकं असलेले डबे पुरले. झाकण तेवढं मातीबरोबर. आत लाकडाच्या चिपा. हे सगळं खिडकीखाली उभं राहून चाललेलं.

"दादा," मी म्हटलं, "मारायचंय की पाहुणचार करायचाय?"

"आधी पाहुणचारच, ताई. येऊ द्यायचं, सवय लागू द्यायची. एकदा खायला लागल्या की चिपा काढून आपला खुराक ठेवायचा. चव आवडते त्यांना. लगेच काही होत नाही, त्यामुळे संशय येत नाही. एक खाते, आत जाऊन दुसरीला भरवते."

"आणि त्यांच्यातली मुख्य?" ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझा नवरा. ह्यांना कुठेही गेलं की आधी साहेब कोण ते लागतं.

"ती म्हातारी होय!" वाळवीवाल्याने हातातली पहार जमिनीत रोवली. "ती एका खोलीत पडून असते. जागची हलत नाही. स्वतःच्या हाताने खात नाही, भरवावं लागतं. भरवणारीला पण माहीत नसतं आपण काय भरवतोय. घासाघासाने जातं पोटात. आपण घाई करायची नाही. ती गेली की घर तुमचं."

हे हसले. मीही हसले.

जाताना त्याने बजावलं, डब्यांना धक्का लावायचा नाही, उकरून बघायचं नाही. एकदा बिथरल्या की त्या डब्याकडे परत फिरकत नाहीत. मग घर पोखरतील, पण तो डबा नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी जेवण कमी केलं.

आधी वाटलं मीठ चुकलं. मग वाटलं कवळी टोचते. कवळी घासून आणली, भात आणखी मऊ केला, बटाटा दुधात कुस्करला, दुधात साखर वाढवली, साखर काढली. ताट तसंच परत. केळं मात्र खायच्या, तेसुद्धा स्वतः सोललेलं. मी सोलून दिलं की 'नंतर' म्हणून बाजूला ठेवायच्या. पाणी नळाचं, त्यांच्या डोळ्यांदेखत भरलेलं. मला वाटलं, म्हातारपणाची खोड. पुढे एक दिवस केळंही परत केलं. म्हणाल्या, सालीला भोक आहे.

डॉक्टर येऊन पोट, घसा, जीभ बघून गेले. काही नाही. "खायला घाला," म्हणाले. जणू मी त्यांना वाऱ्यावर वाळत घातलं होतं.

तिकडे डब्यांनाही कुणी तोंड लावत नव्हतं. वाळवीवाला फेरीला यायचा, किल्लीने झाकण उघडायचा, आणि मान हलवून बंद करायचा. संध्याकाळी हे कामावरून आले की दारातूनच विचारायचे, "खाल्लं का?" मी विचारायचे, "कुणी?" पहिल्यांदा आम्हाला त्याचंही हसू आलं. नंतर ह्यांनी विचारणंच सोडलं. माझ्या तोंडाकडे बघायचे आणि चपला काढायचे.

आईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अंग पुसताना माझ्या बोटांना त्यांची हाडं लागायची. वर तुळईतून रात्रंदिवस चिरचिर आवाज, खाली ह्या ओठ आवळून पडलेल्या. वर खातायत त्यांना थांबवता येईना, खाली खात नाहीत त्यांना भरवता येईना. कधीकधी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी नुसती उभी राहायचे. हातात चमचा, आणि पुढे काय करायचं ते काही केल्या सुचायचं नाही.

एका दुपारी मी हट्टालाच पेटले. "आई, एक घास. माझ्यासाठी."

त्यांनी माझं मनगट धरलं. केवढी ताकद उरली होती! "तू पण खाऊ नकोस इथलं. माहेरी निघून जा काही दिवस."

"माहेरी कोण आहे आता?"

"मग बाहेरून आणून खा. तुला कुठे माहितेय, बापडी. भरवणारीला माहीत नसतं."

हे शब्द मी कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते आठवेना.

"काय माहीत नसतं, आई?"

त्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हातारी एका खोलीत पडून असते. घासाघासाने जातं पोटात. ती गेली की घर तुमचं." मग थोडं थांबून, "हसला गं तो. माझा मुलगा हसला."

माझ्या हातातलं ताट कलंडलं. मीही हसले होते त्या दिवशी. ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, किंवा ऐकू येऊनही त्यांनी मला त्यातून वगळलं होतं.

मी त्यांना सांगितलं. वाळवी, डबे, खुराक, सगळं. त्या ऐकत होत्या, लहान मुलाची थाप ऐकावी तशा. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे तसेच चपलांसकट खाटेशी गेले आणि पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "आई, मी वाळवीला हसलो गं. तुला कसा हसेन?" आईंनी पाय हळूच ओढून घेतले.

मी त्यांच्या ताटातलं त्यांच्यासमोर खाल्लं. वाटलं, आता तरी खात्री पटेल. तर त्याच घाबऱ्या झाल्या. "थुंक! थुंक म्हणते ना! लगेच कळत नाही ते!"

विष झटपट असतं तर चाखून दाखवता आलं असतं. सावकाशीच्या विषाला पुरावाच नसतो. मी जिवंत आहे ह्याचा अर्थ त्यांच्या लेखी इतकाच, की अजून वेळ आहे.

मग वाळवीवाल्याला बोलावलं. तो आला तो आनंदातच. मागच्या डब्यात लागल्या होत्या! चिपांवर नुसती झुंबड. त्याने अलगद खुराक ठेवला, झाकण लावलं, हात धुतले आणि खाटेजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "आजी, गैरसमज झाला हो! ती म्हातारी म्हणजे राणी!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "राणी मला तुझे सासरे म्हणायचे. ह्याला कुणी सांगितलं?"

"तसं नाही आजी, राणी म्हणजे आपली वाळवीची—" म्हणत म्हणत तो बिचारा मागे सरकला आणि चौकटीवर आपटला. चौकटीतून मूठभर माती सांडली. जाताना मला म्हणाला, "ताई, मी पुढच्या वेळी खिडक्या बघून बोलेन." रडावं की हसावं कळेना, म्हणून मी माती झाडायला घेतली.

डॉक्टर पुन्हा आले. या वेळी त्यांनी पोट वगैरे बघितलंच नाही, मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "उद्या सकाळी दवाखान्यात आणा. नाकातून नळी घालू."

"त्या ओढून काढतील," मी म्हटलं.

"हो, म्हणून हात बांधावे लागतील. सैलसर."

सैलसर म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. हे पुढच्या खोलीत पिशवी भरत बसले. टॉवेल, कंगवा, साडी. एकच साडी घडी करत, मोडत, पुन्हा घडी करत. मी मागच्या दारात जाऊन बसले. समोर मातीत डब्याचं हिरवं झाकण. त्याच्याखाली आमचा सगळा उपाय चालला होता. पहिल्यांदाच नीट, शांतपणे चालला होता. आणि आत खाटेवर माणूस वाळत होतं.

किल्ली वाळवीवाल्याकडे. मी खुरपं घेतलं आणि डबा मुळासकट उपटला.

परातीत घेऊन आईंच्या खाटेवर, त्यांच्या मांडीशी ठेवला आणि झाकण सुरीने उचकटलं. त्या वाकून बघायला लागल्या. डोळ्यांना पांढरं तेवढं दिसलं असावं.

"भात आणलास?"

"भात नाही, आई. नीट बघा. हलतंय ते."

मी एक उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. शिताएवढी, पांढरी, मऊ. ती तळहाताच्या रेषांमधून चालू लागली. आई तिला डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"आणि म्हातारी कुठेय?"

"खाली. जमिनीत. ती दिसत नाही."

"तिला कळलंय?"

"नाही."

परातीतल्या वाळव्या उजेडाला भिऊन सैरावैरा पळत होत्या. काही परातीच्या कडेवर चढून चादरीवर उतरल्या.

"मग आता ह्या खाणार ना?" आईंनी विचारलं.

"नाही खाणार. मी उपटला ना डबा. बिथरल्या. आता ह्याच्याकडे परत नाही यायच्या." माझा आवाज चढला. "वर तुळई खातील. चौकट खातील. मग एक दिवस पडेल सगळं आपल्या डोक्यावर."

त्यांनी वर पाहिलं, जिथून चिरचिर येत होती तिथे. मग माझ्या हातांकडे. नखांत माती, एका बोटाला खुरपं लागून रक्त.

"मग उपटलास कशाला?"

"तुम्हाला दाखवायला."

"आणि घर? नको तुला?"

"घर काय चाटायचंय मला?" मी ओरडलेच. सासूवर असा आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. पुढच्या खोलीतला घडीचा आवाज थांबला. "पडू दे ना! पडलं तर तिघं मिळून ढिगाऱ्यावर बसू. पण तुमचे हात बांधलेले मला नाही बघवणार, आई. नाही बघवणार."

आईंनी तळहातावरची वाळवी परातीत सोडली. बोटाने ढकलली नाही, हात खाली टेकवून ती उतरेपर्यंत थांबल्या. मग हात पदराला पुसले.

"हा भात नाही म्हणतेस. मग खरा भात आण."

मी धावले. सकाळचा होता, गार. गरम करायचं भानच नव्हतं. थोडं दूध घालून आणला. चमचा पुढे केला तर त्यांनी मान फिरवली. पण त्यांनी ताटच ओढून घेतलं. स्वतःच्या बोटांनी घास केला, निम्मा चादरीवर सांडला, उरलेला माझ्यापुढे धरला.

"आधी तू."

मी खाल्ला.

"त्याला बोलाव."

हे दारातच होते, हातात ती साडी. खाटेच्या कडेला बसले. आईंनी त्यांना घास भरवला. हे तो तोंडात धरून रडत होते, गिळता येईना. "चाव नीट," आई म्हणाल्या. "लहानपणापासून तुला चावायचा कंटाळा."

वाळवीवाला नंतर मला काय काय बोलला ते सांगण्यात अर्थ नाही. त्याचं बरोबरच होतं. तो डबा वाया गेला, आणि तुळईला लोखंडी टेकू लावावा लागला. तो टेकू आता खोलीच्या मधोमध उभा आहे, येता-जाता कपाळाला लागतो.

पण ते पुढचं. त्या क्षणी आम्ही दोघं घास गिळून आईंच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. तिसरा घास त्यांच्या हातात होता. वर चिरचिर चालू होती. त्यांनी घास ओठांशी नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"आई," हे काकुळतीला आले.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. "लगेच काही होत नसतं."

त्यांच्या ओठाचा कोपरा हसून हलला का, ते मला आजही सांगता येणार नाही. कवळी काढून ठेवलेली होती.

मग त्यांनी तो घास खाल्ला.