पिशवी आणि खुर्ची

सव्वाशे माणसं त्या इमारतीवर राबत होती आणि त्या सव्वाशेंच्या डोक्यावर एक बाई बसली होती. अगदी खरोखर डोक्यावर. चौदाव्या मजल्याच्याही वर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, दोन हातांत दोन दांडे धरून. सगळे तिला 'वरच्या बाई' म्हणायचे. वय शेहेचाळीस, अंगकाठी बारीक, आवाज खणखणीत, आणि हात इतका हलका की दोन टनांचा गजांचा भारा शेजारी टेकला तरी तुमच्या कपातला चहा हलणार नाही. क्रेनवरच्या पहिल्या वर्षी लोक तोंडात बोट घालून वर बघायचे. आता अकराव्या वर्षी कोणी मान वर करत नव्हतं, आणि बाईंना त्याचाच जास्त अभिमान होता.

तर अशा या बाईंना गेलं वर्षभर पाळीनं जेरीस आणलं होतं. पाळी कसली, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं. आठ आठ दिवस, कधी दहा, तासातासाला पॅड, वर रक्ताच्या गाठी. केबिनमध्ये ना संडास ना आडोसा. चारही बाजूंना काच, इतकंच काय पायाखालीसुद्धा काच. खाली उतरायचं तर सरळसोट शिडीच्या दोनशे दहा पायऱ्या, आणि परत चढायच्या त्याच दोनशे दहा. म्हणून बाई काळी पँट घालायच्या, एकावर एक दोन, आणि सॅकमध्ये तिसरी ठेवायच्या. जेवायच्या सुट्टीत सगळे सावलीत बसायचे तेव्हा त्या वरच डबा उघडायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना वारा आवडतो.

मग एका सकाळी चढताना शिडीच्या सातव्या टप्प्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यांनी शिडीला हाताची मिठी मारली आणि तिथेच फतकल मारून बसल्या. खालून वॉकीटॉकीवर शिट्टीनं विचारलं, काय झालं. शिट्टी म्हणजे क्रेनला खालून इशारे देणारा माणूस. पूर्वी तो शिट्टी वाजवून इशारे द्यायचा, वॉकीटॉकी आला तेव्हा शिट्टी गेली आणि नाव राहिलं. बाईंनी त्याला सांगितलं की बुटाची लेस बांधतेय. त्यांच्या बुटांना लेसच नव्हती.

हे घरी कळलं ते लेकीला. नववीतली ही पोरगी, गप्प बसणं तिच्या जन्मपत्रिकेतच नव्हतं. तिनं कॅलेंडरवर महिनाभर लाल खुणा केल्या, पॅड मोजले, आणि ते कॅलेंडर भिंतीवरून काढून आईसकट डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या अस्तराचा एक छोटा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं सगळे कागद पुढ्यात घेऊन त्यांनी समजावलं. गर्भाशयात गाठी वाढलेल्या नाहीत, तुकड्यात काही वाईट निघालेलं नाही. पाळी जायच्या वयाला लागलं की काहींची गाडी अशी आडमार्गाला जाते. पण हिमोग्लोबिन साडेसात आहे, आणि साडेसातावर माणूस शिडी चढत नाही.

उपाय त्यांनी एकेक करून सांगितले. हार्मोनच्या गोळ्या आहेत, पण त्या न चुकता घ्यायला लागतात. गर्भाशयात बसवायची एक छोटी वस्तू आहे, दिसते तांबीसारखी, पण तिच्यात तांबं नसून हार्मोन असतं. पाच वर्षं तरी चालते, आतलं अस्तर पातळ ठेवते, बहुतेकींचा रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. पहिले तीन-चार महिने मात्र डाग कधीही पडतात, कंटाळा येतो, तेवढे दिवस काढायची तयारी हवी. आणि शेवटी पिशवी, म्हणजे गर्भाशयच काढायचं ऑपरेशन, ते कुठे पळून जात नाही, बाकीचं जमलं नाही तर बघू. मग त्यांनी बाईंना कामाचं विचारलं. क्रेन म्हटल्यावर हातातलं पेन खाली ठेवून त्यांनी पाच मिनिटं क्रेनबद्दलच विचारलं. वारा सुटला तर काय करता, भीती वाटते का, खालचं दिसतं कसं. बाई इतक्या रंगून सांगत होत्या की लेकीला वाटलं, ही आपली आई नव्हेच.

निघताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं की हिमोग्लोबिन दहावर येईपर्यंत चढायचं नाही. लोहाची सलाईन घ्या, ठरवा काय ते, आणि फोन करा.

हा झाला सोमवार. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, चारही दिवस बाई चढल्या. का, ते त्या कोणालाच सांगत नव्हत्या, पण स्वतःला रोज सांगत होत्या. एकदा का त्या काचेच्या खोलीतून खाली आलं, की वर दुसरा कोणी बसणार. तो बसला की बसला. मागं एकदा त्यांचा पाय मुरगळला होता तेव्हाही साइटच्या साहेबांनी हळूच विचारलं होतं, बाई, आता या वयात स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून खिळे-स्क्रूचा हिशोब बघितलात तर. तेव्हापासून बाईंना पाय मुरगळलेलासुद्धा दाखवायची चोरी झाली होती.

आता शुक्रवारची दुपार. सगळे सावलीत डबे खात होते. बाईंनी वरती डबा उघडला, वॉकीटॉकी खुर्चीच्या कडेला खोचला, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. ताई. बाईंची थोरली बहीण. ही ताई म्हणजे मायेचा डोंगर, पण अंगावर येणारा डोंगर. तिची स्वतःची पिशवी पाच वर्षांपूर्वी काढली होती आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक बाईची पिशवी निघावी असं तिला मनापासून वाटायचं.

ताईनं सांगितलं की येत्या गुरुवारची तारीख घेतलीय, तिच्याच सर्जनकडे. भाऊजींशी बोलणं झालंय. हार्मोनबिर्मोनचं खूळ डोक्यातून काढ, त्यानं दाढी येते, अंग सुटतं, आणि काय काय होतं ते फोनवर बोलत नाही. पिशवी काढ, सुटशील. या वयात ठेवायचीय कशाला ती, पूजा करायला?

बाईंनी घास खाली ठेवला आणि विचारलं, भाऊजींशी काय बोलणं झालं.

तेव्हा कळलं की नवऱ्यानं, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या, रोज एका ताटाशी बसून जेवणाऱ्या नवऱ्यानं, परवाच साहेबांना फोन करून सहा आठवड्यांची रजा सांगितली होती. आणि साहेबांनी दुसरा ऑपरेटर बघूनही ठेवला होता. सहा आठवड्यांनंतर बाईंना स्टोअरमध्ये घ्यायचं ठरलं होतं. सगळं कसं काळजीनं ठरलं होतं, आणि एकाही शहाण्यानं बाईंना विचारलं नव्हतं.

बाईंचा पारा चढला तो क्रेनच्याही वर. त्या उभ्या राहिल्या, डबा खुर्चीच्या कडेला दडपला गेला, आणि डब्याखाली वॉकीटॉकीचं बोलायचं बटण. दाबलं गेलं आणि दबूनच राहिलं.

आता वॉकीटॉकीचा एक नियम असा की एकानं बटण दाबून धरलं की बाकीच्यांना नुसतं ऐकायचंच काम उरतं. खाली सात जणांकडे सात वॉकीटॉकी होते, जेवायच्या सुट्टीत सगळ्यांचे आवाज पूर्ण मोठे, आणि प्रत्येकाभोवती दहा-पंधरा माणसांचा कोंडाळा. सातही वॉकीटॉकींतून एकदम बाईंचा आवाज यायला लागला. तासाला एक पॅड, ताई. तू मोजलेयस का कधी? माझ्या पोरीनं मोजलेत. दोन-दोन पँटी घालून मी इथे बसते. गाठी कशा पडतात सांगू?

एका गवंड्याचा घास तोंडाशीच थांबला. वॉकीटॉकी बंद करता आला असता. कोणीही केला नाही. शिट्टीनं बाईंना सावध करायला आपलं बटण तीनदा दाबून पाहिलं, पण बाईंच्या बटणापुढे कोणाचंच चालत नव्हतं. मग तो लाल झेंडा घेऊन उन्हात धावला आणि वेड्यासारखा हलवायला लागला.

बाई बोलतच होत्या. "माझी पिशवी मी ठेवीन नाहीतर काढीन, ते डॉक्टरीणबाई आणि मी बघू. तुझी काढायला लागली, तुला बरं वाटलं, छान झालं. माझं तेवढं बिघडलंय असं अजून कोणी म्हटलेलं नाही. मी ती हार्मोनची बसवून घेणार. डाग पडतील, पडू देत. नाही मानवली तर काढून टाकीन आणि मग तुझ्या सर्जनकडे माझ्या पायांनी जाईन. पण गुरुवारची तारीख रद्द कर, आणि तुझ्या त्या भाऊजींना म्हणावं, पिशवी माझी आणि खुर्चीपण माझी."

तेवढ्यात पायाखालच्या काचेतून त्यांना लाल झेंडा दिसला. मग डब्याखाली वॉकीटॉकीचा पेटलेला लाल दिवा दिसला.

सव्वाशे माणसं मान वर करून बघत होती.

बाईंच्या कानांच्या पाळ्यांपासून तळपायापर्यंत आग झाली. वाटलं, ही काच फुटावी आणि आपण सरळ सिमेंटमध्ये जावं. पुढच्या क्षणी त्यांच्या मनात आलं, की आता लपवायला उरलंय काय? वर्षभर ज्या एका गोष्टीला घाबरून त्या काळ्या पँटी घालत होत्या ती गोष्ट आत्ता घडूनसुद्धा गेली होती, आणि क्रेन जागच्या जागी उभी होती. त्यांनी ताईला नंतर बोलते म्हणून सांगितलं, वॉकीटॉकी उचलला आणि तोंडाशी धरला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? मग उरलेलंही ऐका. माझं रक्त साडेसात आहे. डॉक्टरीणबाईंनी चढू नका म्हटलं होतं, तरी मी चार दिवस चढले. ती चूक माझी. आज दुपारपासून क्रेन बंद. मी खाली येतेय. सावकाश येईन, कोणी घाई करू नका."

प्रत्येक टप्प्यावर बसत, श्वास घेत, त्या उतरल्या. पाऊण तास लागला. खाली पोचल्या तेव्हा बरेच जण आपापल्या बुटांचा बारकाईनं अभ्यास करत होते. शिट्टी मात्र सरळ पुढे आला. चेहरा लालबुंद. बाईंना वाटलं, हा लाजलाय.

तो लाजला नव्हता, तो भडकला होता. "चार दिवस माझ्या डोक्यावर दोन दोन टन टांगून तुम्ही चक्कर घेऊन बसला होतात. लेस बांधतेय म्हणालात मला. त्या दिवशीच मी तुमचे बूट बघितले होते."

सगळ्या जगाला उत्तर द्यायच्या तयारीनं उतरलेली बाई, या एका माणसापुढे तिची मान खाली गेली. चुकलं माझं, एवढंच त्या म्हणाल्या. शिट्टी त्यांची सॅक उचलून साहेबांच्या ऑफिसकडे चालू लागला.

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक पंखा, भिंतीवर नकाशे. साहेबांनी फार गोड आवाज काढला होता. त्यांनी रजेचा अर्ज स्वतःच भरून ठेवला होता. सहा आठवडे, कारण 'घरगुती', आणि खाली नंतरचं काम, स्टोअर. फक्त सही करा म्हणाले, बाकी कोणाला काही कळायची गरज नाही.

बाईंना हसूच आलं. सव्वाशे लोकांनी ऐकलेलं कोणाला कळायचं राहिलं होतं?

त्यांनी साहेबांचं पेन घेतलं. सहा खोडून चार केलं. 'घरगुती' खोडून ठळक अक्षरांत लिहिलं, 'पाळीत अतिरक्तस्राव, उपचार चालू'. 'स्टोअर' तर असं खोडलं की कागद फाटायचा राहिला. तिथे लिहिलं, 'हिमोग्लोबिन दहाच्या वर आल्याचा दाखला दाखवून क्रेनवर परत'.

साहेब म्हणाले, अहो, वरच्या ऑफिसात जातो हा कागद, तिथे सगळे पुरुष आहेत, असं लिहितात का कुठे. बाई म्हणाल्या, मागच्या महिन्यात फोरमनच्या अर्जावर मूळव्याध लिहिलेलं होतं, ते कुठल्या ऑफिसात गेलं? साहेबांनी विषय बदलला. दुसऱ्या ऑपरेटरला शब्द दिलाय म्हणाले, त्याला चार आठवड्यांसाठी कसं बोलावणार, तो कायमचं मागतोय.

दाराशी टेकलेला शिट्टी तेव्हा पहिल्यांदा बोलला. "चार आठवडे मी त्याला इशारे देईन. पाचव्या आठवड्यात त्यानं स्वतःच शिट्टी वाजवावी. कोणाच्या हुकाखाली उभं राहायचं ते माझं मी ठरवतो." मग बाईंकडे न बघता म्हणाला, "आणि दाखला मी आधी वाचणार. आकडा दहाच्या खाली असला तर मीच शिडीला कुलूप घालीन."

बाईंनी मान डोलावली. हे त्यांना पटलं. साहेबांनी पंख्याकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं, आणि शेवटी सही केली.

बाईंनी तिथेच मोबाइल काढून दवाखान्याचा नंबर लावला. बाहेर आवारात निम्मी माणसं अजून डबे धुण्याच्या निमित्तानं घुटमळत होती. साहेब लगबगीनं उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाई फोन कानाला तसाच धरून गेल्या आणि दार पुन्हा सताड उघडलं.

"हॅलो. हो, सोमवारी येऊन गेले मी. ती हार्मोनची बसवायची आहे, ठरलं माझं. सलाईनपण त्याच दिवशी होईल का? ... वय शेहेचाळीस. ... काम? क्रेन चालवते."