कणमहर्षींनाच कॅन्सर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी लोक पाय ठेवतच होते. खाली कोणाचा तरी पाय असायचा. मंचावर डॉक्टरी कोट घातलेले कणमहर्षी बसले होते. टेबलावर तेलाची बाटली आणि तेलात एक काळा गोळा.

"यात अब्जावधी नॅनो कण आहेत," महर्षी म्हणाले. "कॅन्सर होतो चावट जीनमुळं. आमचा कण पेशीत शिरतो, आतून कडी लावतो आणि त्या जीनला गप्प बसवतो. प्रत्येक कणाला मी स्वतः सूचना दिली आहे."

"प्रत्येकाला?" मागून कोणी तरी विचारलं.

"नावानिशी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रोत्यांतल्या एका शिक्षिकेनं कपाळाला हात लावला. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि उद्या सकाळी तिच्या मावशीच्या स्तनातली गाठ काढायची होती. मावशी शिवणकाम करायची. दुसऱ्याच्या भारी कापडाला बेधडक कात्री लावणारी बाई, पण ऑपरेशन म्हटल्यावर तिनं कच खाल्ली. "आधी कणांना विचारू, मग सर्जनबाईंचं बघू," म्हणाली आणि इथं आली.

तिला महर्षींच्या उजवीकडे बसवलं. मध्ये बाटली. "कण कॅन्सर असेल तिकडेच धावतात," असं म्हणत महर्षींनी 'वाट दाखवायला' उजवी मूठ बाटलीच्या पलीकडे, मावशीच्या बाजूला धरली आणि डोळे मिटले. गोळा हलला, सरकला आणि मावशीकडच्या काचेला जाऊन चिकटला.

"ओळखलं गं मला," मावशी भारावून म्हणाली.

"ऑपरेशन रद्द करा," महर्षी म्हणाले. "रोज एक चमचा घ्या."

"मावशी, जरा इकडे ये बघू," शिक्षिका म्हणाली. मावशी उठून मंचाच्या दुसऱ्या टोकाला गेली. गोळा जागचा हलला नाही. महर्षींनी घाम पुसायला मूठ वर नेली, तसा तोही काचेवरून वर चढला.

"कण खोटं बोलत नाहीत ना?" शिक्षिकेनं विचारलं.

"कदापि नाही."

"मग कॅन्सर तुम्हाला आहे."

सभागृह हळहळलं. पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर डोळ्यांना लावला.

"अहो, मला काही झालेलं नाही."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," एक आजोबा समजुतीनं म्हणाले. दोन सेवकांनी महर्षींचे खांदे प्रेमानं धरले, तिसऱ्यानं बूच काढलं. "चमचा कशाला, सगळी पाजा. गुरूंच्या बाबतीत हात आखडता नको."

बाटली ओठांना लागली तेव्हा महर्षी किंचाळले, "लोखंडाचा भुगा आहे तो! मशीनच्या तेलात कालवलाय!" त्यांनी मूठ उघडली. तळहातावर स्पीकरमधलं लोहचुंबक होतं.

"म्हणजे कॅन्सर चुंबकाला आहे?" सेवकानं काळजीनं विचारलं.

शिक्षिकेनं चुंबक घेऊन बाटलीभोवती फिरवलं. गोळ्यानं आधी खुर्चीला, मग माइकला आणि शेवटी त्या सेवकाला कॅन्सर असल्याचं सांगितलं. मग कुठं लोकांना उलगडा झाला.

"म्हणजे कण वगैरे सगळं थोतांड?" मावशीनं विचारलं.

"नाही गं. चरबीच्या इवल्याशा कणांत जीन बंद पाडणारं औषध भरतात, ते खरं आहे. पण ते गाठीपर्यंत पोचवणं अवघड. पुष्कळसे कण वाटेत यकृतच अडवतं. कॅन्सरवर अजून चाचण्या चालल्यात. आणि किती कण चुकले, तेही संशोधक छापतात."

"चुकलेलं कशाला छापायचं?"

"दुसऱ्याला तपासता यावं म्हणून. ज्याचा उपाय कधीच चुकत नाही, त्याला म्हणावं, तपासू दे. नाही म्हणाला, तर उठून यावं."

मावशीनं पिशवी उचलली. "चल. सर्जनबाईंनी रात्री दहानंतर काही खायचं नाही म्हणून सांगितलंय. त्याआधी पोटभर जेवून घेते."