गाजरं समजून पाणी घातलं

मी खुरपी बोलतेय. मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली, मूठ सुतळीने आवळलेली. या घरात जे चाललंय ते बघून लोखंडालासुद्धा वाचा फुटेल!

लोहाराने मला गाडीच्या जुन्या पाट्यातून घडवलं. म्हणाला, "मुळापर्यंत जाईल." जाईन हो, पण उपटायचं काय ते धरणाऱ्याला कळायला नको?

मला सुनेने आणलं. बाळाला घरची गाजरं उकडून द्यायची म्हणून तिने मागे वाफा केला. खुरपायला बसले सासरे. जी रोपं जोमदार ती त्यांनी राखली, मरतुकडी माझ्याकडून काढवली. अहो, ती मरतुकडीच गाजरं होती! मी दगडाला अडले, मूठ ढिली केली. कोण ऐकतंय?

मग महिनाभर रोज बादलीभर पाणी. बारीक पांढरी फुलं आली.

"बाबा, गाजराला इतक्यात फुलं येतात?"

"तुला मेली प्रत्येक गोष्टीत शंका!"

बाळ वाफ्याशेजारी रांगायचं. त्याच्या मानेवर पुरळ उठलं, खोकल्याने छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी औषध दिलं, विचारलं, "घराजवळ काही फुललंय का?" सुनेने साबण बदलला, दुपटी उकळली, आणि मग तिची नजर वाफ्यावर गेली. तिने रोपवाटिकेतल्या काकूंना बोलावलं.

काकूंनी कापडात धरून पान चुरगाळलं. "येतोय गाजराचा वास? खोडावरची लव बघ. अगं, हे गाजरगवत!"

सासरे ओशाळले, आणि विळ्याने वरवर छाटून मोकळे झाले. मी इथे टांगलेली! आठ दिवसांत एकेकाला चार-चार फांद्या, वर पुन्हा फुलं.

शेवटी सुनेने बाळाला शेजाऱ्यांकडे ठेवलं, नाकाला ओढणी बांधली, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. आधी फुलं पिशवीत, बी सांडू नये म्हणून. माती भिजवायला सासऱ्यांनी तीच बादली आणली. मग मी मुळापर्यंत गेले. एकदाची!

बाळाची छाती आता वाजत नाही. पण बी मातीत आहेच, ते उगवणार. तेव्हा एवढंच ऐका: गवत फुलायच्या आधी मला खिळ्यावरून काढा, आणि त्याआधी रोप ओळखा.

काल कोपऱ्यात एक बारीक रोप दिसलं. सासरे हात मागे बांधून उभे. "सूनबाई, हे काय ते तूच सांग. मी हात लावत नाही."

तिने पानाचं टोक चुरगाळलं, हुंगलं आणि हसली. "येतोय गाजराचा वास!"

मला परत खिळ्याला टांगलं. पहिल्यांदाच राग आला नाही.