दीड मापटं

हिंदुरावांनी पट्ट्यातल्या पहिल्या नळीच्या तोंडाची चिंधी ओढली, तर ती संपेचना.

"मुक्ता, ही चिंधी कोंबलीयस की उशी भरलीयस?"

ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या मुक्ताबाईंनी सुपातली नजर वर केली नाही.

"ओल लागू नये म्हणून हो," त्या म्हणाल्या.

एका नळीत बंदुकीच्या एका बाराची दारू, अशा पट्ट्यात बारा नळ्या. खर्ड्याच्या लढाईत घोड्यावरून पडून हिंदुरावांचा उजवा खांदा निखळला, त्याला अडीच वर्षं झाली. हाडवैद्यानं तो बसवला खरा, पण हात थरथरायचा, दारू सांडायची. तेव्हापासून नळ्या मुक्ताबाईच भरत. बोटभर मापट्यानं मोजून एका बाराला दोन मापटी दारू, असं त्यांना हिंदुरावांनीच शिकवलं होतं.

उद्या हडपसरच्या माळावर धन्यांनी पाहुण्यांसाठी शिकार ठेवली होती. काळविटावर पहिला बार हिंदुरावांचा. तो चुकला, तर शिकारखान्यातली त्यांची जागा तरण्या जयसिंगाला मिळणार होती. धन्यांनी हे हसत सांगितलं होतं, पण चारचौघांत सांगितलं होतं.

हिंदुरावांनी नळी तिरपी करून थोडी दारू वाटीत काढली.

"हे काय करताय?"

"धक्का सोसत नाही गं आता." ते वर न बघताच बोलले. "मागच्या खेपेला बार काढताना डोळे मिटले माझे. उद्या मिटले, तर संपलंच सगळं. अर्धं मापटं काढतो. दीडावर काळवीट आरामात पडेल."

दुसरी नळी झाली. मग तिसरी. मुक्ताबाईंचा जीव नुसता टांगणीला लागला. बोलावं तर दोन वर्षांची लबाडी उघडी पडणार. गप्प बसावं तर उद्या गोळी काळविटापर्यंत पोचायचीच नाही, आणि जयसिंग आहेच दात काढायला! त्यांनी सूप बाजूला सारलं.

"अहो, थांबा. नळीत दीडच मापटं होतं."

"फक्त आजच?"

"दोन वर्षं झाली. प्रत्येक शिकारीनंतर तुमचा खांदा काळानिळा व्हायचा. मला बघवेना. मग कमी भरायला लागले, आणि उरलेल्या जागेत चिंधी."

आता घर डोक्यावर घेतील, म्हणून त्या मान खाली घालून बसल्या. हिंदुरावांनी वाटीतली दारू पुन्हा नळ्यांत ओतली. बरीचशी जमिनीवर सांडली.

"म्हणजे मला दीडाचाच धक्का सोसत नव्हता," ते म्हणाले.

हे मुक्ताबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं.

हिंदुराव उठले आणि त्यांनी खुंटीवरचं पागोटं घेतलं.

"कुठे निघालात?"

"धन्यांकडे. उद्या पाहुण्यांसमोर डोळे मिटण्यापेक्षा आज त्यांना एकट्याला सांगितलेलं बरं."

पागोटं नीट बसवायला उजवा हात वर जाईना. मुक्ताबाई डोळे पुसत पुढे झाल्या. एरवी हिंदुराव त्यांचा हात झटकायचे. आज त्यांनी मान थोडी खाली केली.