सव्वाचारची माफी

करारात माझी वेळ सव्वाचारपर्यंतच होती. पण जपानमधल्या शिमाने प्रांतातल्या त्या शाळेत अंधार पडला तरी शिक्षक-खोलीतून कुणी उठायचं नाही. सरकारी योजनेतून इंग्रजी शिकवायला आलेली मी एकटीच परदेशी. सगळ्यांआधी निघायची लाज वाटून मी उगाच वह्या चाळत बसायचे.

उपमुख्याध्यापक कुवाबारा सर रोज खेकसायचे, "ब्रॉनविनबाई, वेळ झाली. निघा!"

मी यांच्या डोळ्यांत खुपते की काय? एक दिवस माझं डोकं फिरलं. "बसले तर तुमचं काय जातं, सर?"

"करार म्हणजे करार. निघा!"

मी तणतणत उठले, रिवाजाप्रमाणे सगळ्यांना म्हटलं, "तुमच्याआधी निघते, माफ करा," आणि दाराशी बूट घालू लागले. मागोमाग शेजारच्या टेबलावरच्या शिक्षिका होशिनाबाई धावत आल्या. त्यांचं बाळ पाळणाघरात असतं.

"उठलीस बाई एकदाची!" त्या म्हणाल्या. "सरांनी मला सांगून ठेवलंय, 'ब्रॉनविनबाई उठल्या की पाठोपाठ सटका.' पहिलं उठायची माझी हिंमत होत नाही गं."

आता मी चारलाच पर्स मांडीवर घेऊन बसते. आणि सव्वाचारला माफी अशी मोठ्यांदा मागते की खोलीतल्या प्रत्येक आईला ऐकू जावी.