कॅनच्या मागची जागा

या, असे जवळ सरका. आमच्या गावाला सुखाची ढाल मिळता मिळता कशी राहिली ते सांगतो. देवाची शपथ, पदरचं मीठ चिमूटभरच टाकीन.

वरून, सरकारकडून, "सुखी गाव" स्पर्धा निघाली. नर्सबाईंनी घरोघर दहा प्रश्न विचारायचे. नववा असा, की जीव नकोसा वाटतो का? आमच्या पुढाऱ्यांना बाईंच्या पायांची दया आली. त्यांनी एका बैठकीत साऱ्या गावाचे कागद भरले. नवव्यापुढे सगळीकडे "नाही". त्यातले दोघं तर मागल्या वर्षीच वारलेले. त्यांचीही काही तक्रार नव्हती.

दूध केंद्राच्या भिंतीवर "सुखी गावात स्वागत" लिहायचं काम पेंटरला दिलं. बायको गेल्यापासून दीड वर्ष त्याच्या वावरात तण कमरेला लागलेलं, अन् हा भावाच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. गावानं उपाय कमी केले नाहीत. कुणी म्हणालं पहाटे पळत जा, कुणी म्हणालं दुसरी कर. कुणी "मी काय कमी भोगलंय?" म्हणत तासभर आपलंच गाऱ्हाणं गाऊन हलका होऊन घरी गेला.

पेंटरनं "सुखी" एवढं लिहिलं आणि थांबला. ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले, मास्तरांना देऊन टाकले. वाटेत वहिनीला गोठ्यात गाठून म्हणाला, "माझी शेळी आता तुम्हीच सांभाळा." मग शिडी न्यायला परत भिंतीपाशी गेला.

वहिनीनं शेणाची पाटी तिथंच टाकली. शेणाच्या हातांनीच ती मागोमाग धावली. तिथं पुढारी पेंटरला झापत होते, नर्सबाई कागद छातीशी धरून उभ्या.

"भावजी," वहिनी धापा टाकत म्हणाली, "खरं सांगा. मरावंसं वाटतं का?"

"अहो, असलं बोलू नका!" पुढारी ओरडले. "नसलं तरी डोक्यात शिरेल त्याच्या!"

"दीड वर्ष तुम्ही यांच्या डोक्यात पळणं घातलं, लग्न घातलं. राहिलं का काही?"

पेंटर शिडीच्या पायरीवर बसला. "वाटतं, वहिनी. रोज वाटतं." आणि दीड वर्षात पहिल्यांदा ढसाढसा रडला.

वहिनी त्याला खेटून बसली. "बाई, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहा."

पुढारी मधे पडले. "परवा पाहणी आहे हो! सोमवारपर्यंत दम धरू दे त्याला."

"तो धरवत नाही म्हणूनच चाललोय ना!"

नर्सबाईंनी पुढाऱ्यांकडे पाहिलं, मग पेंटरकडे. त्याचा कागद काढला, "नाही" खोडून "हो" लिहिलं आणि तिथंच गुडघ्यावर वही ठेवून चिठ्ठी लिहून दिली.

दुधाचा टेम्पो निघायच्या बेतात होता. दोघं कॅनच्या मागं अंग चोरून बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. सगळं विचारलं, सगळं ऐकलं. वहिनीला सांगितलं, काही दिवस एकटं सोडायचं नाही, जिवाला धोका होईल असं काही हाताशी ठेवायचं नाही, आणि दर गुरुवारी यायचं.

पेंटरनं विचारलं, "गोळीनं जगण्याला अर्थ येतो का हो?"

"गोळीनं झोप येईल. अर्थ आपण बसून शोधू. त्यासाठी तुम्ही जागेवर पाहिजे."

पाहणीवाले आले तेव्हा भिंतीवर नुसतंच "सुखी", आणि एका कागदावर "हो". ढाल शेजारच्या गावाला गेली. तिथं म्हणे सगळेच सुखी होते, अगदी सहीसुद्धा एकाच वळणाची.

पुढाऱ्यांनी महिनाभर वहिनीशी अबोला धरला. पाचव्या गुरुवारी मात्र टेम्पोत पाहतो तर कॅनच्या मागं सहाजण! त्यात पुढारीही.

"गुडघा दुखतो," ते घाईनं म्हणाले.

"बसा की," पेंटर सरकला. "माझाही आधी गुडघाच दुखायचा."

अर्ध्या वाटेवर पुढाऱ्यांनी हळूच विचारलं, "झोप खरंच येते का रे?"

पेंटर अजून पुरता बरा नाही. कधी दिवस वाईट जातो. पण ब्रश मास्तरांकडून परत आणलेत, तण निम्मं काढलंय. "सुखी"वर चुना फिरवून त्यानं लिहिलंय: दवाखान्याचा टेम्पो, गुरुवारी सकाळी सात, कॅनच्या मागं जागा आहे.

तर बाबांनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा शेणाचे हात घेऊन धावलेल्या त्या वहिनीचीही आठवण ठेवा. आणि कुणी आपले ब्रश धुऊन वाटायला निघाला, तर तिच्यासारखं सरळ विचारा.