पंपाची शीळ

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी इंझोरीच्या दौलतराव पाटलांनी लढाईतून उरलेला एक ट्रॅक्टर आणला. कुंद्याच्या खोल मुळ्यांच्या गवतानं भरलेलं त्यांचं रान बैलांच्या नांगराला दाद देत नव्हतं. ट्रॅक्टर चालवायला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा लालसिंग होता, फौजेत लॉरी चालवून आलेला. देखभालीला वाशीमचा अन्सार मिस्त्री. त्याची पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या खडखडाटात गेली होती.

मागचा जड नांगर तेलाच्या जोरावर उचलला जाई. अन्सारनं लालसिंगला तेल ढकलणारा पंप समजावून दिला.

"आत दोन दात्यांची चाकं हायेत. एक इंजन फिरवते, दुसरं त्याच्यासंगं फिरते. तेल दात्यांच्या खाचीत बसून कडेकडेनं पुढं जाते. दाते एकमेकात गुततात तिथून त्याले परत येता येत नाई. मंग नळीतून जोरानं निंगते अन् नांगर उचलते."

तेल तो मलमलीतून गाळून भरी, जाळी रॉकेलनं धुवी. रेतीचा एक कण पंप खराब करतो, म्हणे. "अन् टाकीकडची नळी सैल झाली का पंप हवा ओढते, बारीक शीळ घालते. तवा मशीन बंद करायची. थे मी पाहीन."

फाल्गुनात एका सकाळी नांगर धक्के खात वर येऊ लागला. इंजिनाच्या आवाजातून बारीक शीळ लालसिंगच्या कानी आली. त्यानं अन्सारला बोलावलं. अन्सारनं वाकून पंपाशी कान लावला.

"काई नाई. चालू दे."

"चाचा, वाजून राह्यलं नं."

"इंजनचा आवाज हाये थो."

मिस्त्रीपुढं काय बोलणार? लालसिंगनं चालवला. दुपारी कडकन आवाज झाला आणि नांगर जमिनीतच रुतून राहिला.

अन्सारनं पंप उघडला. तेलाला ताकासारखा फेस आला होता, दाते खरवडले होते, आतल्या लोखंडाला खोल चरे पडले होते. नळीचा नट अर्धा फेरा सैल होता.

दौलतराव आले ते सरळ लालसिंगवर गेले. "पंप बोंबलून राह्यला तरी चालवतच होता? उद्यापासून येऊ नको."

लालसिंग रुतलेल्या नांगराभोवतीची माती उकरू लागला. त्यानं अन्सारचं नाव घेतलं नाही.

"त्यानं मले सांगतलं होतं, पाटील," अन्सार म्हणाला. "मलेच आयकू नाई आलं."

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

"लक्ष होतं. कान नाईत."

हे त्यानं आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. माणसांचं बोलणं कळत होतं. चिमण्या तेवढ्या कमी झाल्या, असं त्याला वर्षभर वाटत होतं.

मुंबईहून दुसरा पंप यायला पावसाळा लागणार होता. रान तसंच पडून राहणार होतं. लालसिंगला ठेवलं, अन्सारला जायला सांगितलं. निघताना तो लालसिंगला म्हणाला, "शीळ आली का नळीच्या सांध्यावर थोडं तेल सोडून पाह्य. आवाज थांबला तं हवा तिथूनच शिरून राह्यली."

घरी त्याची बायको कमरुन्निसा ज्वारी पाखडत होती. तो तिच्यासमोर बसला.

"मेरे कान गये," तो म्हणाला.

"दो साल से मालूम है मेरेकू," ती सुपावरची नजर वर न करता पुटपुटली.

"क्या बोली?"

तिनं काही नाही अशी मान हलवली आणि सूप घेऊन आत गेली.